लशीची नोटीस आली की आधी नियम विचारा

२७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात राज्य सरकारने सांगितलं की, लोकांची ये-जा असलेल्या आस्थापनांत काम करणाऱ्यांचे कोविड लशीचे दोन्ही डोस झालेले असावेत. त्यानंतर आमच्या कोल्हापूरकडे शिरोलीपासून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत ‘दोन डोस असतील तरच आत’ ही भाषा रुळली. पुढे २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास निर्बंध उठले आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. पण लशीच्या नोटिसा थांबलेल्या नाहीत, फक्त लस बदलली आहे. हॉस्पिटलातल्या मावशींना आणि वॉर्डबॉयना हेपेटायटिस बीची, खानावळीतल्या आचाऱ्याला टायफॉइडची आणि फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, धनुर्वाताची. कुणी ती न वाचता सही करून देतो, कुणी सुपरवायझरशी वाद घालून घरी जातो. दोन्हींत कामगाराचं नुकसान होतं, आणि दुसऱ्यात तर नोकरीवर बेतू शकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘घेतो’ किंवा ‘घेत नाही’ यांपैकी काहीही बोलण्याआधी ‘कुठल्या नियमाखाली?’ हे लेखी विचारा. हा अडवणुकीचा डाव नाही. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत, गैरवर्तनाची जी यादी आहे, तिच्यात वरिष्ठाचा ‘कायदेशीर आणि वाजवी’ आदेश जाणूनबुजून न पाळणं हे पहिल्या काही कलमांतच येतं. वरिष्ठाने सांगितलं की ते पाळायचंच, असं तिथे लिहिलेलं नाही. आदेश कायदेशीर हवा आणि वाजवीही हवा. तुमच्यावर पुढे कारवाई टिकेल की नाही, हे या दोन शब्दांवर ठरतं. म्हणून आदेशामागे काय आहे, हे पहिल्याच दिवशी कागदावर आलेलं बरं.

नोटिशीमागे काय काय असू शकतं ते बघा. काही लशी थेट नियमांतच लिहिलेल्या आहेत. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार, असा कचरा हाताळणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि इतरांना हेपेटायटिस बी आणि धनुर्वात धरून लशी देणं ही हॉस्पिटलचीच जबाबदारी आहे. हॉस्पिटल कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाएवढं मोठं असो की राजारामपुरीतली दहा खाटांची प्रसूतिगृहं असोत, नियम एकच. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना विनियमांतल्या परिशिष्ट ४ मध्ये अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आतड्याच्या रोगांविरुद्ध लसीकरण सांगितलेलं आहे, आणि त्याची नोंद तपासणीसाठी जागेवर ठेवायची असते. मिसळीच्या दुकानात, मेसमध्ये, मिठाईच्या कारखान्यात मालक टायफॉइडच्या लशीचा कागद मागतो तो यामुळे. इथे ‘कुठल्या नियमाखाली’ या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, आणि वैद्यकीय कारण नसेल तर वाद घालून हाती फारसं लागत नाही.

साथीच्या काळातले आदेश वेगळे असतात. ते १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांखाली निघतात आणि साथ ओसरली की मागे घेतले जातात. अशा आदेशाची तारीख आणि तो आजही लागू आहे का, हे तपासायचं. तो मागे घेतल्यावरही काही ठिकाणी भरतीच्या अर्जात जुना रकाना तसाच राहतो. तिथे नम्रपणे विचारलं की बहुतेक वेळा रकाना निघतो.

सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो कंपनीच्या स्वतःच्या धोरणात. मागे ना कायदा, ना सरकारी आदेश, फक्त मुख्य कार्यालयातून आलेलं परिपत्रक. अशा वेळी हटकून सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २०२२ च्या निकालाचं नाव घेतलं जातं, आणि तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर म्हटलं की, शरीरावरचा स्वतःचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो आणि कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. हा भाग सगळ्यांना पाठ आहे. त्याच निकालात पुढे असंही आहे की, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही मर्यादा घालू शकतं. मात्र त्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि ती गरजेपेक्षा जास्त नको. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो असं दाखवणारी माहिती सरकारांनी कोर्टापुढे ठेवली नाही. म्हणून रुग्णसंख्या कमी आहे तोवर त्यांच्यावरचे निर्बंध प्रमाणात बसत नाहीत, असं कोर्टाने म्हटलं आणि खासगी संस्थांसह सगळ्यांना आपापल्या आदेशांचा फेरविचार करायला सुचवलं. ‘लसीची सक्ती कायमची बेकायदा’ असा त्याचा अर्थ काढला तर इंडस्ट्रियल कोर्टात समोरचा वकील पाच मिनिटांत तो खोडून काढेल. निकाल कोविडच्या लशींबद्दल आणि त्या वेळच्या परिस्थितीबद्दल आहे. हॉस्पिटलातल्या हेपेटायटिस बीच्या नियमाला त्याने हात लावलेला नाही. पण कसलाही नियम मागे नसताना खासगी कंपनी आज कोविडच्या डोसावरून गेट बंद करत असेल, तर तोच निकाल कामगाराच्या बाजूने भक्कम उभा राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर अजूनही ‘धार्मिक कारणावरून सवलत’ मागणाऱ्या अर्जाचे नमुने फिरतात. ते अमेरिकेतले आहेत. तिथे नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यात धर्माच्या कारणावरून सवलत मागता येते. १३ जानेवारी २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शंभर आणि त्याहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांवरची सरकारी सक्ती रोखली आणि त्याच दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यांवरची सक्ती चालू राहू दिली. आपल्याकडच्या कारखान्यात त्या नमुन्याचा उपयोग शून्य, उलट तो देऊन तुम्ही लेखी नकार नोंदवून बसता.

आता पत्र. नोटिशीत सात दिवस दिले असतील तर पाचव्या दिवसाच्या आत द्या. भाषा अशी ठेवा:

‘महोदय, लसीकरणाबाबतची आपली दिनांक … ची सूचना मला दिनांक … रोजी मिळाली. निर्णय घेण्यापूर्वी पुढील माहिती लेखी मिळावी, ही विनंती. सदर सूचना कोणत्या कायद्याच्या, नियमाच्या किंवा शासन आदेशाच्या आधारे काढली आहे? लस कोणती, डोस किती व कोठे मिळणार? खर्च कोण करणार? डोसाच्या दिवसाची व त्यानंतर ताप आल्यास रजेची काय व्यवस्था आहे? वैद्यकीय कारण असल्यास सवलतीसाठी अर्ज कोणाकडे करावा? डोस न घेतल्यास कोणती कारवाई अभिप्रेत आहे? दरम्यान मी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहत आहे व राहणार आहे.’

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. आणि या पत्रात कलमांचे आकडे घालू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांत १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जी कलमं असतात ती आज तशीच चालतीलच असं नाही. कलमं पुढे वकील घालेल.

पत्राच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. एचआरवाला पत्र घेत नसेल तर तिथे हुज्जत नको. त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा. सूचना फक्त ग्रुपवर आली असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मूळ मेसेज फोनमधून काढू नका. असा पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते देणं सोपं जातं. सूचना तोंडीच असेल तर ‘आज सकाळी आपण मला असं सांगितलं’ असा दोन ओळींचा ईमेल तुम्हीच पाठवून ती लेखी करून घ्या.

सगळ्यात जास्त केसेस बिघडतात त्या गेटवर. वॉचमन म्हणतो, ‘सर्टिफिकेट नाही तर आत नाही, वरून ऑर्डर आहे.’ गडी चिडून घरी जातो आणि दोन आठवडे फिरकत नाही. मग कंपनी मेमो काढते तो लशीचा नसतोच, तो विनापरवाना गैरहजेरीचा असतो. सलग दहा दिवसांपेक्षा जास्त विनारजा गैरहजेरी हे स्वतंत्र गैरवर्तन आहे आणि ते सिद्ध करायला हजेरीपट पुरतो. म्हणून अडवलं तरी रोज शिफ्टच्या वेळेला गेटवर जायचं, गेटच्या रजिस्टरमध्ये नाव लिहू देत असतील तर लिहायचं, आणि त्याच तासात ईमेल किंवा मेसेज टाकायचा: ‘आज सकाळी ६.५० ला पहिल्या शिफ्टसाठी हजर झालो, लसीकरणाचं कारण सांगून आत सोडलं नाही, मी काम करण्यास तयार आहे.’ रोज, न चुकता. या दिवसांचा पगार पुढे मागायचा तर ‘मी तयार होतो, मला रोखलं’ हे दाखवता आलं पाहिजे. युनियनचा प्रतिनिधी सोबत असला तर उत्तमच.

राजीनामा देऊ नका. ‘आत्ता राजीनामा दे, नंतर परत घेऊ’ असं सांगितलं तरी नाही. बडतर्फीला आव्हान देता येतं. पण राजीनामा तुम्ही स्वतःहून दिला असं धरलं जातं आणि तो दबावाखाली दिला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. निलंबित केलं तर पहिले ९० दिवस अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, आणि चौकशी तुमच्यामुळे रखडली नसेल तर त्यापुढे ७५ टक्के. तो दर महिन्याला लेखी मागा.

आणखी एक गोष्ट कुणीही करू नये: खोटं सर्टिफिकेट. २०२१ मध्ये काही ठिकाणी डोस न टोचता नोंद करून देण्याचे प्रकार उघडकीला आले. कोविन प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की नाव, लस आणि तारीख समोर येते, त्यामुळे बनावट कागद टिकत नाही. खरी नोंद खोट्या डोसाची असेल तर शरीरात लस नाही आणि रेकॉर्डवर आहे, मग पुढे आजारपणात डॉक्टर चुकीच्या माहितीवर उपचार करतात. बनावट कागद वापरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४० खाली गुन्हा होतो. जी केस तुम्ही जिंकण्यासारखी होती, ती तिथेच संपते.

वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळं अवलंबून असतं, आणि बहुतेक चिठ्ठ्या कुचकामी असतात. ‘सदर रुग्णास लस देऊ नये’ एवढ्या ओळीला एचआर किंमत देत नाही, आणि ते बरोबरच आहे. चिठ्ठीत निदान हवं, कुठली लस किंवा तिचा कुठला घटक चालत नाही ते हवं, अडचण कायमची आहे की अमुक तारखेपर्यंतची ते हवं, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. खरी कारणं मोजकी आहेत. आधीच्या डोसानंतर तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, म्हणजे काही मिनिटांत श्वास लागणं, ओठ-चेहरा सुजणं, रक्तदाब कोसळणं, तर तीच लस पुन्हा नको. हेपेटायटिस बीची लस यीस्टमध्ये बनते, त्यामुळे यीस्टची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्याला ती चालत नाही. कोविशिल्डच्या डोसानंतर रक्ताच्या गुठळ्या आणि त्याबरोबर प्लेटलेट कमी होण्याचा दुर्मीळ आजार झाला असेल तर त्या लशीचा पुढचा डोस देत नाहीत. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लशी गर्भवतीला आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला देत नाहीत. अंगात बऱ्यापैकी ताप असेल तर डोस पुढे ढकलायचा, रद्द करायचा नाही.

साखर, बीपी, थायरॉइड, साधी सर्दी किंवा पाळी ही कारणं नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचण्याआधी सांगायचं, बारीक सुई वापरून नंतर दोन मिनिटं दाबून धरतात, चोळत नाहीत. गरोदरपणात धनुर्वात-घटसर्पाची टीडी नेहमीच दिली जाते आणि हेपेटायटिस बीही देता येते.

हेपेटायटिस बीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या लशीला ‘नाही’ म्हणणारा माणूस स्वतःचं खरंच नुकसान करून घेतो. बाधित रुग्णाला टोचलेली सुई लस न घेतलेल्याला लागली, तर हेपेटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. हेपेटायटिस सीची सुमारे १.८ टक्के, एचआयव्हीची ०.३ टक्के. आपण सगळे घाबरतो एचआयव्हीला. आणि सुई फक्त नर्सला लागत नाही. लाल पिशवीत चुकून टाकलेली सुई ती पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या मांडीत घुसते. लशीचे डोस तीन: आज, १ महिन्याने, ६ महिन्यांनी. प्रौढाला १ मिली, म्हणजे २० मायक्रोग्रॅम, आणि तो दंडातच. कमरेला टोचला तर परिणाम कमी येतो, म्हणून कमरेला घ्यायला नकार द्या, हा नकार अगदी योग्य आहे. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिला तिथून पुढे घ्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्यात किमान ८ आठवडे आणि पहिल्या-तिसऱ्यात किमान १६ आठवडे एवढं पाळायचं.

तिसऱ्या डोसानंतर १ ते २ महिन्यांत अँटी-एचबीएस टायटर ही रक्ततपासणी करायची. आकडा १० किंवा जास्त आला की काम झालं. कमी आला तर पुन्हा तीन डोस. बहुतेक ठिकाणी डोस देतात आणि टायटर विसरतात, त्यामुळे कोणाला संरक्षण नाही हे सुई लागेपर्यंत कळतच नाही. तसं झालं तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं, शक्यतो २४ तासांत, आणि ते लशीपेक्षा कितीतरी महाग असतं. म्हणून नोटिशीला उत्तर देताना टायटरचा खर्चही हॉस्पिटलने करावा असं लिहून मागा.

फौंड्रीतली गोष्ट उलटी आहे. तिथे गरजेपेक्षा जास्त टोचलं जातं. कास्टिंगची धार लागली, पाय भाजला की दरवेळी ‘टीटी मारून घे’, कुणी तर दर सहा महिन्यांनी घेतो. लहानपणापासूनचे डोस पूर्ण असतील तर टीडीचा बूस्टर १० वर्षांनी पुरतो. जखम घाण असेल, माती-गंज गेला असेल आणि शेवटचा डोस ५ वर्षांपूर्वीचा असेल तर तेव्हा एक. फार जवळजवळ डोस घेतले तर दंड सुजतो, दुखतो, आणि त्याचं खापर लशीवर फुटतं. कार्डावर तारीख लिहिलेली नसते म्हणून हे होतं. कंपनीने कॅम्प लावला तर आधी शेवटच्या डोसाची तारीख सांगा, ती पाच वर्षांच्या आतली असेल तर ‘आत्ता गरज नाही’ असं कॅम्पच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. पंचगंगेच्या पुरानंतर महापालिकेच्या सफाई कामगारांनी तर ही तारीख खिशात ठेवावी. त्याच पाण्यातून होणाऱ्या लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिसवर) आपल्याकडे नेहमीच्या वापरातली लस नाही, तिथे गमबूट आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याची डॉक्सिसायक्लिन हाच इलाज.

खर्चाचा प्रश्न लाजू नये असा आहे. नियमात जबाबदारी मालकावर टाकली असेल तर लशीचे पैसे संमतीशिवाय पगारातून कापणं चालत नाही. पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यातच आहे. पगारपत्रकावर ‘इतर कपात’ दिसली तर त्याच महिन्यात लेखी विचारा. डोस शक्यतो साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्या, अंगदुखी आणि ताप बहुतेकांना पहिल्या एक-दोन दिवसांतच येतो. पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर ताप लांबल्यास ईएसआयच्या डॉक्टरांकडूनच आजारपणाचा दाखला घ्या. पुरेसे अंशदानाचे दिवस भरले असतील तर ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो, पण पहिले दोन दिवस धरत नाहीत. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी आणून तो मिळेल या भ्रमात राहू नका.

पत्राला उत्तर आलंच नाही, किंवा थेट कारवाई झाली, तर कुठे जायचं? पहिल्यांदा युनियन, मग सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय, आणि बडतर्फीपर्यंत गेलं तर अनुचित कामगार प्रथांच्या १९७१ च्या राज्य कायद्याखाली कोर्ट. बडतर्फीची तक्रार लेबर कोर्टात, बाकीच्या बहुतेक तक्रारी इंडस्ट्रियल कोर्टात. दोन्ही कोल्हापुरातच आहेत. मुदत घटनेपासून ९० दिवसांची. ‘साहेब मिटवतो म्हणालेत’ यात ती निघून जाते. मिटवण्याची बोलणी चालू ठेवा, पण साठाव्या दिवसापर्यंत वकिलाकडे कागद पोचलेले असू द्या. ठेकेदाराकडचे कामगार असाल तर एक अडचण आहे. २००१ च्या सिप्ला निकालापासून, कंपनीशी मालक-कामगार नातंच वादात असेल तर या कायद्याखाली थेट कंपनीविरुद्ध तक्रार चालत नाही. म्हणून ठेक्यावरच्या माणसाने आपलं पत्र ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही द्यावं. जिल्हा परिषद किंवा महापालिकेतला कर्मचारी आपल्या संस्थेच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, त्यामुळे त्यासाठी आता मुंबईची गाडी धरावी लागत नाही.

लस घेतलीत तर अर्धा तास तिथेच बसा, बॅच नंबर आणि तारीख कार्डावर लिहून घ्या. नंतर काही गंभीर झालं, म्हणजे अ‍ॅडमिट व्हावं लागलं, तर केस पेपरवर लशीचं नाव, बॅच आणि टोचल्यापासून किती तासांनी त्रास सुरू झाला हे डॉक्टरांना लिहायला सांगा आणि जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांकडे नोंद करायचा आग्रह धरा. औषधांच्या दुष्परिणामांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे, तिथे रुग्ण स्वतःही कळवू शकतो. त्या नोंदीची एक प्रत एचआरला दिलेल्या पत्रांच्या फायलीतच लावा, कारण पुढच्या डोसाची नोटीस आली की सवलतीच्या अर्जाला तोच कागद जोडायचा असतो.